रोहिणीचे पाच दाणे आणि आपली सवाई



गेल्या चातुर्मासात आमच्या स्थानकात महासतीजींनी ज्ञाताधर्मकथेतलं सातवं अध्ययन घेतलं होतं. रोहिणीची गोष्ट. आपण सगळ्यांनी ती पाठशाळेत ऐकलेली, पोरांना सांगितलेली. त्यामुळे खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष घरच्या डाळ-बाटीकडे होतं.

तरी थोडक्यात आठवण करून देते. राजगृहीचा धन्य सार्थवाह. चार मुलगे, चार सुना. आपल्यामागे घर कोण सांभाळेल, म्हणून त्याने सगळ्या नातेवाइकांसमोर प्रत्येक सुनेच्या हातावर साळीचे पाच दाणे ठेवले आणि सांगितलं, मी मागेन तेव्हा परत द्या. थोरली उज्झिका. तिने विचार केला, कोठारात साळीची कोठारं भरलेली आहेत, मागतील तेव्हा त्यातले पाच काढून देऊ. दाणे टाकून दिले. दुसरी भोगवती, तिने सोलून खाल्ले. तिसरी रक्षिका, तिने कापडात बांधून दागिन्यांच्या डबीत ठेवले आणि रोज नेमाने बघत राहिली. चौथी रोहिणी. तिने माहेरच्या माणसांना बोलावलं आणि सांगितलं, पहिला पाऊस पडला की छोटासा वाफा करून हे पेरा, रोपं उपटून पुन्हा लावा, कुंपण घाला, राखण करा. पाच वर्षांनी सासऱ्यांनी दाणे मागितले तेव्हा ती म्हणाली, आणायला गाड्या लागतील.

प्रवचनात या पाच दाण्यांचा अर्थ पाच महाव्रतं असा आहे, तो आपल्याला माहीत आहे. मी आज त्यावर लिहीत नाही, तो माझा अधिकारही नाही. मी लिहितेय दाण्यांवर. कारण त्या दिवशी बाहेर पडताना आमच्यातली एक जण म्हणाली, "पाच दाण्यांच्या गाड्या? काहीतरीच!" माझ्या मुलीने तिथेच मोबाईलवर हिशेब मांडला. एका दाण्यापासून नुसते शंभर दाणे धरले तरी पहिल्या वर्षी पाचशे, दुसऱ्या वर्षी पन्नास हजार, तिसऱ्या वर्षी पन्नास लाख, चौथ्या वर्षी पन्नास कोटी. भाताचे हजार दाणे साधारण २५ ग्रॅम भरतात. म्हणजे चौथ्याच वर्षी साडेबारा टन. गाड्याच लागणार.

घरी आले तरी डोक्यातून जाईना. गोष्टीत एक बारीक जागा आहे. सासरे दाणे हातात घेऊन थोरल्या सुनेला विचारतात, शपथेवर सांग, हे तेच दाणे आहेत का? उज्झिकेला वाटलं होतं, दाणा तो दाणा, कोठारातला काय आणि दिलेला काय. गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडच्या ज्वारी-बाजरी-भाताच्या बियाण्याचं काय झालं, ते या एका प्रश्नात आहे असं मला वाटायला लागलं. आणि त्यात आपल्या समाजाचाही एक धागा आहे. तो सुखाचा नाही, पण सांगायला हवा.

आधी बियाण्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भाताचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. म्हणून पाच दाण्यांतून निघालेली साळ पाचव्या वर्षीही तीच साळ राहते. गव्हाचंही तसंच. ज्वारीचं बरंचसं तसं, पण थोडी सरमिसळ होते. बाजरीचं मात्र सगळंच वेगळं. बाजरीच्या कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर येतात, पराग नंतर तयार होतो. त्यामुळे तिला वाऱ्यावर येणारा दुसऱ्या ताटाचा पराग लागतो. एका शेतातलं प्रत्येक ताट दुसऱ्यापेक्षा थोडं निराळं, एखादं उंच, एखादं लवकर निसवणारं, एखाद्याच्या कणसाला कुसळं, ज्यावर पाखरं कमी बसतात. ही सरमिसळ हाच तिचा जीव आहे. पाऊस उशिरा आला तर काही ताटं तगतात, लवकर गेला तर दुसरी तगतात. पण त्याच कारणामुळे बाजरीचं बी पाच दाण्यांवर राखता येत नाही. थोड्याच ताटांचं बी धरत गेलात तर दोन-चार वर्षांत पीक खुरटतं. धन्य सार्थवाहाने साळीऐवजी बाजरीचे दाणे दिले असते तर बिचारी रोहिणी हरली असती! तिला शेजारणींकडूनही मूठ मूठ मागून आणावी लागली असती.

आणि आपल्या दुष्काळी भागातल्या बायका नेमकं तेच करत आल्या. बाजरीचं बी लागतं किती? एकरी दीड किलो. ओटीत मावेल एवढं. कापणीच्या वेळी खळ्यात ढीग पडायच्या आधी घरातली जाणती बाई चांगली कणसं वेगळी काढायची, घट्ट भरलेली, रोग नसलेली. त्यांची जुडी आढ्याला, चुलीच्या धुराच्या वाटेवर. किंवा झोडून, उन्हं देऊन, राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात मडक्यात भरायची आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायची. ज्वारीचंही तसंच. हुरड्याची गुळभेंडी निराळी, भाकरीची मालदांडी निराळी. एखाद्या वर्षी कुणाचं बी गेलं, भिजलं, पोरांनी भुकेपोटी खाल्लं, तर ती शेजारणीकडे, नणंदेकडे, माहेरी जायची. उसनं न्यायची. सुगीला परत, वर मूठभर जास्त. कुठे लिहिलेलं नाही, कुणाची सही नाही. लेकीच्या सासरी माहेरचं बी जायचं आणि पुढच्या पिढीत नातीबरोबर तिसऱ्या गावी जायचं. रोहिणीने माहेरच्यांना बोलावलं, हे काही उगीच नाही. बियाण्याच्या वाटा बायकांच्या लग्नांवरून गेलेल्या आहेत.

(ज्याला आपण कौतुकाने गावरान म्हणतो ती बाजरी आणि ज्वारी मुळात आफ्रिकेतली, हेही जाता जाता सांगते. हजारो वर्षांपूर्वी अशीच हातोहाती, गलबतांतून आणि पडावांवरून आली. म्हणजे तीही एका अर्थाने सासरी आलेलीच.)

बियाण्याला जीव असतो आणि तो कधीतरी जातो, हे आपल्या आगमकारांना नीट माहीत होतं. भगवतीसूत्राच्या सहाव्या शतकात गौतमस्वामी भगवंतांना विचारतात की कोठारात, पल्यात, मंचावर, माळ्यावर ठेवलेलं, शेणाने लिंपलेलं, झाकलेलं, मुद्रा मारलेलं धान्य किती काळ उगवण्याजोगं राहतं? उत्तर आहे: साळ, व्रीही, गहू, जव यांची योनी जास्तीत जास्त तीन वर्षं. मसूर, तीळ, मूग, उडीद, कुळीथ वगैरेंची पाच वर्षं. अळशी, करडई, कोद्रू, कांग, मोहरी वगैरेंची सात. त्यानंतर ते बीज अबीज होतं. आपण हा पाठ सचित्त-अचित्तासाठी वाचतो. पण त्यात एक गोष्ट सरळ सांगितली आहे. नुसतं जपून ठेवलेलं बी मरतं. रक्षिकेने पाच वर्षांनी तेच दाणे परत दिले खरे, पण साळीला तीन वर्षं धरली तर ते उगवले असते का?

आता तो दुसरा धागा.

आमच्या घरी भुसाराचा धंदा. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनचा, नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका बाजारपेठेच्या गावी. सासूबाई गेल्यावर माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली तर तळाशी लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या निघाल्या. मोडी आणि मारवाडी मुडिया, मला दोन्ही धड वाचता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वाचून दाखवलं. नाव, गाव, "बाजरी बी पायली २", आणि पुढे "सवाई". पानंच्या पानं. मृगाला बी न्यायचं, सुगीला सव्वापट आणून द्यायचं. काही नावांपुढे "दीडी". म्हणजे दीडपट, तेही चार-पाच महिन्यांत. आणि नाही देता आलं की ते पुढच्या पानावर, पुढच्या वर्षी, व्याजासकट.

मी ते वाचून गप्प झाले. आपण लहानपणापासून ऐकत आलो की आपल्या वाडवडिलांनी शेतकऱ्याला अडीनडीला सांभाळलं. तेही खोटं नाही. पाऊस पडल्यावर बी नसलेल्या माणसाला दार उघडं असलेलं घर एकच होतं, ते सावकाराचं. पण पुण्याजवळच्या सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी जे झालं, तेही खरं आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि कुणब्यांची कर्जं फिटेनात. त्या दिवशी लोकांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणसांवर हात क्वचितच पडला, लोकांना हवी होती ती खतं, कर्जरोखे, वह्या. त्या मिळाल्या की जाळायच्या. सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. १८८४ मध्ये आणखी एक कायदा करून बी आणि बैलांसाठी तगाईची सोय झाली. म्हणजे बियाण्याची अडचण एवढी मोठी होती की सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला.

या दंग्याबद्दल आपल्या घरांत बोलत नाहीत. बोललं तर "लुटलं आपल्याला" एवढंच. मला मात्र त्या वहीत आणखी एक गोष्ट दिसली. शेतकरीण शेजारणीकडून बी न्यायची तेव्हा ती निवडलेल्या कणसांचं बी न्यायची. ते कुठल्या रानातलं, कुणाच्या हातचं, किती दिवसांत निसवतं, हे दोघींना माहीत असायचं. आमच्या पेवातून निघायची ती बाजरी. दहा गावांची, एकत्र ओतलेली. सव्वापट परत यायची ती पुन्हा त्याच पेवात. आमचा हिशेब पायलीचा होता, त्यात कमीजास्त झालं नसेल. पण हे तेच दाणे आहेत का, हा प्रश्न आमच्या वहीत नव्हता. उज्झिकेसारखंच, दाणा तो दाणा. आपल्या सातव्या व्रतातल्या पंधरा कर्मादानांत फोडीकम्म येतं, जमीन फोडण्याचा व्यवसाय. म्हणून आपल्यातल्या अनेकांनी शेती टाळली आणि व्यापार धरला. पण जमीन न फोडता माणूस मोडता येतो, हे त्या वहीने मला शिकवलं. कुणाला राग आला तर येऊ दे.

तरीही शेजारणीकडचं उसनं बी चालूच राहिलं. कारण ते सावकाराला आणि सरकारला दोघांनाही दिसत नव्हतं. ते थांबलं १९६५ नंतर.

त्या वर्षी पंजाबातल्या लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने बाजरीचं पहिलं संकरित वाण दिलं, एचबी-१. वर्षभर आधी ज्वारीचं सीएसएच-१ आलं होतं. उत्पन्न खरंच वाढलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. भुकेचे दिवस होते, अमेरिकेचा गहू रेशनवर येत होता. पण संकरित बी घरचं धरता येत नाही. दुसऱ्या वर्षी पीक फुटतं, उंच-बुटकं, कमी-जास्त, आणि उतारा घसरतो. म्हणजे दर मृगाला पिशवी विकत. आढ्याला टांगलेल्या जुड्यांची गरज संपली. सासूबाई सांगायच्या, दुकानात पिशव्या आल्या तेव्हा सगळ्यांना किती अप्रूप होतं, आणि बायकांनी घरातली बियाण्याची मडकी रिकामी करून त्यात शेंगदाणे भरले.

पुढे जे झालं ते बाजरीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं संकट. एचबी-१ आणि नंतर आलेलं एचबी-३ या दोन्ही वाणांची आई एकच होती. अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या टिफ्टन गावी तयार झालेली टिफ्ट २३ए. देशभर लाखो एकरांवर एकाच आईची लेकरं. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यावर केवडा पडला. आपल्याकडे त्याला गोसावी म्हणतात, कारण कणसाच्या जागी दाणे न भरता हिरव्या पानांचा झुपका येतो, जटांसारखा. गावरान बाजरीतही गोसावी असायचा, पण दहा ताटांत एखाद-दुसरं. सगळी ताटं वेगवेगळी, त्यामुळे रोगाला एकाच किल्लीने सगळी कुलपं उघडता येत नव्हती. इथे कुलूपच एक होतं. त्यात १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षीची सुकडी आणि रेशनवरची ती तांबडी मिलो ज्वारी आपल्या आई-आज्यांच्या तोंडून तुम्ही ऐकलीच असेल.

ज्यांच्या मडक्यांत शेंगदाणे भरले होते त्यांनी मग बी कुठून आणायचं?

शास्त्रज्ञही तेव्हा गावोगाव फिरत होते, जे उरलंय ते गोळा करायला. १९७२ मध्येच हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था उभी राहिली. तिच्या शीतगृहात आज बाजरी-ज्वारीचे हजारो नमुने आहेत. दिल्लीला राष्ट्रीय जनुक पेढीत सगळ्या पिकांचे मिळून चार लाखांहून जास्त. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड बेटावर डोंगर पोखरून केलेलं कोठार २००८ मध्ये उघडलं, तिथे उणे १८ अंशांत जगभरचं बी ठेवलेलं आहे. ही सगळी रक्षिकेची डबी. तिला कमी लेखू नका. सीरियात युद्ध पेटलं तेव्हा अलेप्पोजवळच्या संशोधन केंद्राला आपलं बी सोडावं लागलं, आणि २०१५ मध्ये त्यांनी स्वालबार्डमधली आपली ठेव मागून घेतली, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरली, आणि दोन वर्षांनी नवं बी परत नेऊन ठेवलं. डबी होती म्हणून वाचलं, आणि पेरलं म्हणून पुन्हा ठेवता आलं.

या डबीचा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे. आफ्रिकेत टोगो नावाचा चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तरेकडच्या शेतकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली, लवकर येणारी, ठोसर दाण्याची बाजरी इक्रिसॅटमध्ये पोचली. तिच्यातून आयसीटीपी ८२०३ हे वाण निघालं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात आलं. त्याच वाणातून पुढे लोह जास्त असलेली ताटं निवडत निवडत २०१२ मध्ये धनशक्ती तयार झाली. त्यात इक्रिसॅटबरोबर होतं आपलं राहुरीचं कृषी विद्यापीठ. ही संकरित नाही, सरळ वाण आहे, तिचं बी घरी धरता येतं. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या घेणाऱ्या आपल्या मुलींच्या ताटातली भाकरी टोगोतल्या कुठल्या तरी बाईने निवडलेल्या कणसापासून आलेली असू शकते. तिला कुणी सवाई दिली नाही.

आता रोहिणी.

जहिराबाद इथून फार लांब नाही, बिदरच्या पलीकडे, तेलंगणात. तिथे पस्तापूर गावात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था आहे. तिच्या संघमांतल्या बायका बहुतेक दलित, एक-दोन एकर हलक्या तांबड्या मातीच्या मालकिणी. काहींना तीही जमीन नव्हती. त्यांनी गावोगाव उरलेलं ज्वारी, राळे, बाजरी, सावा आणि कडधान्यांचं बी शोधून काढलं. एका तुकड्यात वीस-पंचवीस पिकं मिसळून पेरतात. बी टोपलीत, राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात ठेवतात, टोपली शेणामातीने लिंपतात. भगवतीसूत्रातलं ते लिंपलेलं, झाकलेलं मी वाचलं तेव्हा मला त्यांच्याच टोपल्या आठवल्या. बियाण्याला पैसे लावत नाहीत. आणि दरवर्षी संक्रांतीला त्यांची जत्रा निघते. सजवलेल्या बैलगाड्या, गाडीत टोपल्यांमधून बी, महिनाभर गावागावांतून फिरत. मी त्याचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा हसूच आलं. रोहिणीने सासऱ्यांकडे मागितलेल्या गाड्या त्या ह्याच!

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे आहेत. महादेव कोळी समाजाच्या, शाळेत न गेलेल्या. नातू आजारी पडला, ते विकतच्या, औषध मारलेल्या भाज्यांमुळे असं त्यांना वाटलं, आणि त्या घरच्या बियाण्याकडे वळल्या. बायफ संस्थेची साथ मिळाली. वालाचे कितीतरी प्रकार, आणि काळभात, रायभोगसारखे डोंगरातले भात त्यांच्या बीज बँकेत आहेत. २०२० सालच्या पद्मश्रींत त्यांचं नाव होतं. हे सगळं तुम्हाला पेपरातून माहीत असेल. मला थबकवलं ते त्यांच्या नियमाने. बी न्या, आणि सुगीला दुप्पट आणून द्या.

दुप्पट! आमच्या वहीत सवाई होती, फार तर दीडी. इथे दामदुप्पट, आणि शेतकरी आनंदाने देतात. मी बरेच दिवस विचार करत होते की मग फरक काय. वरचं बी कुणाच्या घरात जातं, हा एक फरक. बीज बँकेत ते पुढच्या दोन घरांसाठी असतं, आमच्याकडे ते पेवात जाऊन भाव चढायची वाट बघायचं. पण तेवढंच नाही. दुप्पट परत द्यायची म्हणजे ते बी वेगळं राखावं लागतं, निवडावं लागतं, तेच दाणे आहेत हे सांगता यायला हवं. म्हणजे घेणारी प्रत्येक जण आपोआप राखणारी होते. सवाईने माणूस वहीला बांधला जायचा, इथे तो बियाण्याला बांधला जातो. आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने हे देणं-घेणं शेतकऱ्याचा हक्क मानलं आहे. कंपनीचं छापील नाव लावून विकता येत नाही एवढंच. बाकी राखा, पेरा, वाटा, बदला, विका.

माझं म्हणाल तर मी आधी रक्षिकाच झाले होते. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या दुकानात माल घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याच्या आईने मला कुसळाच्या गावरान बाजरीची चार कणसं दिली होती. मी कौतुकाने शोकेसमध्ये ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. प्रवचनानंतर घरी येऊन त्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. एकही उगवला नाही.

माहेरी जामखेडकडे थोडी जमीन आहे, वाट्याने लावलेली. भावजयीला फोन केला. ती म्हणाली, "अहो ताई, एका घरचं घेऊ नका, दोन-तीन घरचं गोळा करा." तिला टिफ्ट २३ए माहीत नाही, पण बाजरी माहीत आहे. त्याच म्हातारीकडे पुन्हा गेले, तिने आपल्या नणंदेचं आणि आणखी एका घरचं नाव सांगितलं. तिन्ही घरी एकेक मापटं मिळालं. पैसे तिघींनीही घेतले नाहीत. म्हातारी तर म्हणाली, "बियाचं पैसं घेऊ व्हय? दुप्पट आणून दे."

जूनमध्ये माळाच्या तुकड्यावर पेरली, आजूबाजूला तूर आणि मूग असेल अशा ठिकाणी, म्हणजे संकरित बाजरीचा पराग उडत येऊ नये. ऑगस्टात पावसाने ओढ दिली, काही ताटं वाळली, बाकीची उभी राहिली. सप्टेंबरच्या शेवटी मी गेले. भावजय आणि मी कणसं निवडत दिवसभर शेतात होतो. सूर्यास्ताआधी जेवायला हवं म्हणून मी तिथेच बांधावर बसून घेतलं. पिठलं आणि त्याच बाजरीची भाकरी, तिने सकाळी चार कणसं झोडून दळली होती.

दिवाळीनंतर मोजलं. तिन्ही घरची दुप्पट, म्हणजे सहा मापटी वेगळी काढली. उरलेलं पुढच्या मृगासाठी राखेत घालून मडक्यात ठेवलं, मडकं लिंपलं. आमच्या वहीच्या कोऱ्या पानावर तिन्ही बायकांची नावं लिहिली, जमेच्या बाजूला नाही, नावेच्या. दोन घरी पोचतं झालंय. म्हातारीचं राहिलंय, ती लेकीकडे गेली आहे, पौर्णिमेनंतर येणार.